थीम पार्कमधली रांग आणि दिव्यांगांसाठीची सोय: न्याय्य कशाला म्हणायचं?

रानजाई

‘अमेरिकेत मुलांना घेऊन कुठे फिराल’ या धाग्यावर परवा एक प्रतिसाद आला होता. डिस्नेत मुलाला ऑटिझम आहे असं सांगितलं की रांगेत उभं राहावं लागत नाही, हे आधी माहीत असतं तर आमचे हाल वाचले असते, असा. त्याखाली लगेच ‘कुठे सांगायचं?’, ‘कागद दाखवावे लागतात का?’ अशी विचारणा सुरू झाली. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

माझा मुलगा स्वमग्न आहे, बारा वर्षांचा. उंचनिंच, दिसायला इतर मुलांसारखाच. राइडवर तो अतिशय खूश असतो. वेग, उंची, अंधार, कशालाच घाबरत नाही. अडचण आहे ती राइडच्या आधीच्या तासाभराची. त्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील. लोखंडी कठड्यांमधून नागमोडी जाणारी अरुंद वाट, पुढे माणूस, मागे माणूस, डोक्यावर पंखे घरघरतायत, कुणाच्या तरी बॅगेचा पट्टा सारखा दंडाला घासतोय. चार पावलं सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. अजून किती वेळ, हे त्याला कळत नाही आणि ते कळेनासं झालं की त्याचा धीर सुटतो. आधी तो कानांवर हात घेतो. मग कठड्यावर बोटांनी एकाच तालात मारायला लागतो. मग पुढच्याला ढकलून वाट काढू बघतो. तिथून मागे फिरायचं म्हणजे शंभरेक माणसांची माफी मागत, अंगाने माझ्याएवढ्या झालेल्या मुलाला धरून ओढत बाहेर न्यायचं. लोक बघत असतात. त्याला ते कळतं.

हाच मुलगा रांगेबाहेर सावलीतल्या बाकावर, कानाला हेडफोन लावून, समोर घड्याळ ठेवून तासभर शांत बसतो. ‘तीन वाजून दहा मिनिटांनी आपला नंबर’ एवढं सांगितलेलं त्याला पुरतं. म्हणजे आम्ही थांबतोच, फक्त थांबायची जागा वेगळी असते.

डिस्नेची डिसेबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस, जिला सगळे डीएएस म्हणतात, नेमकं हेच करते. राइडला त्या घडीला जेवढी प्रतीक्षा असेल, साधारण तेवढ्या वेळाने परत येण्याची वेळ मिळते. तोवर बाहेर थांबायचं, मग लायटनिंग लेन नावाच्या वेगवान रांगेतून आत. एका वेळी एकाच राइडची वेळ धरता येते. ‘रांग चुकते’ हे त्याचं वर्णनच चुकीचं आहे.

पूर्वी मात्र खरोखरच चुकायची. २०१३ च्या ऑक्टोबरपर्यंत ‘गेस्ट असिस्टन्स कार्ड’ असायचं आणि बऱ्याच राइड्सवर ते दाखवलं की जवळपास लगेच आत सोडायचे. त्याचा बाजार झाला. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात बातमी आली की मॅनहॅटनमधली श्रीमंत कुटुंबं तासाला १३० डॉलर मोजून अपंग व्यक्तीला ‘गाइड’ म्हणून बरोबर नेतात. पुढे काही महिन्यांत कार्ड बंद झालं आणि डीएएस आलं.

आता अलीकडचं. २०२४ मध्ये, २० मेपासून फ्लोरिडात आणि १८ जूनपासून कॅलिफोर्नियात, डिस्नेने निकष आवळले. ऑटिझम किंवा त्यासारख्या विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबता येत नाही, त्यांच्यासाठीच डीएएस, असं आता लिहिलेलं आहे. व्हिडिओ कॉलवर मुलाखत होते, ज्याच्यासाठी सोय मागताय तो कॉलवर हजर लागतो, आणि खोटं बोलल्याचं आढळलं तर पार्कचे दरवाजे कायमचे बंद. आमचा मुलगा या नियमात बसतो. तरीही मला तो पटत नाही. काल ज्यांना ही सोय होती अशा कितीतरी लोकांना आता ‘तुमच्यासाठी इतर पर्याय आहेत’ असं ऐकावं लागतं.

माझं म्हणणं असं. आजाराचं नाव काय यावर सोय ठरू नये, रांगेत त्या माणसाचं नेमकं काय होतं यावर ठरावी. आणि सोय कुणालाही दिली तरी थांबायचा वेळ इतरांएवढाच असावा. ही दुसरी अट काटेकोर पाळली तर खोटं बोलून मिळवण्यासारखं फारसं काही उरत नाही, आणि मग पहिल्या बाबतीत उदार व्हायला पार्कवाल्यांना भीती वाटायचं कारण नाही. तुम्हाला काय वाटतं?


चौकस

रानजाईताई, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, मीही तसंच लिहितो.

आम्ही उन्हाळ्यात आई-वडिलांना घेऊन अशाच एका पार्कात गेलो होतो. वडील सत्तरीचे. पाटीवर ७५ मिनिटं लिहिलं होतं, दीड तास होऊन गेला तरी आम्ही कठड्यांतच. शेवटी जिथे दोन रांगा एकत्र येतात तिथला मुलगा शेजारच्या लेनमधून वीस-पंचवीस माणसं सोडायचा आणि मग आमच्यातली चार-पाच. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांचे पाय सुजले होते. त्या शेजारच्या लेनमधून हसतखेळत धावत जाणारी मंडळी पाहून माझ्या मनात काय आलं असेल ते तुम्हीच ओळखा.

आणि ‘थांबायचा वेळ सारखाच’ हे मला अर्धंच पटतं. तुम्हाला परतीची वेळ मिळाली की त्या तासात तुम्ही जेवता, सावलीत बसता, कमी गर्दीची दुसरी एखादी राइडही करता. आम्ही तोच तास उन्हात उभे. घड्याळात तास सारखा असेल, अंगावर सारखा पडत नाही. याचं उत्तर मला हवं आहे. तुमच्या मुलाला सोय मिळू नये असं मी अजिबात म्हणत नाही.


रानजाई

चौकस, प्रश्न रास्त आहे. त्या तासात दुसरी छोटी राइड करता येते, हे खरं आहे. आम्हीही क्वचित करतो. पण एक बघा. आमचा पार्कमधला दिवस चार तासांचा असतो, फार तर पाच. त्यानंतर कितीही सोयी द्या, मुलाचं डोकं भरून जातं आणि परत फिरावं लागतं. तिकीट पूर्ण दिवसाचंच घ्यावं लागतं. तुमच्या बारा तासांत जेवढ्या राइड्स होतात त्याच्या निम्म्याही आमच्या होत नाहीत.

तुमच्या वडिलांनाही बाहेर बसून वाट बघायची मुभा असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. ती नव्हती, याचा राग माझ्या मुलावर निघू नये एवढंच.

बाकी त्या शेजारच्या लेनमधून धावणारे बहुतेक लोक दिव्यांग नसतात. ते पैसे भरून आलेले असतात.


तिसरा_डबा

या शेवटच्या वाक्याबद्दल लिहायला आलो. रांगांचं नियोजन हे माझं कामच आहे. आधी विमानतळावर केलं, नंतर आखातातल्या एका पार्कमध्ये. साधं गणित मांडतो.

समजा एक राइड तासाला १,२०० माणसं नेते. ही क्षमता काही केल्या वाढत नाही, डबे तेवढेच आणि फेऱ्या तेवढ्याच. नेहमीच्या रांगेत तुमच्यापुढे ४८० माणसं आहेत. दोन रांगा मिळतात तिथे वेगवान लेनला दर शंभरात ८० जागा दिल्या तर नेहमीच्या रांगेला तासाला २४० जागा उरतात आणि तुमचा नंबर दोन तासांनी लागतो. तेच प्रमाण निम्मं-निम्मं ठेवलं तर ४८ मिनिटांत लागतो. तुमच्यापुढची माणसं तेवढीच आणि राइडही तीच. कठड्याशी उभा असलेला तो मुलगा किती जणांना सोडतो, यावर सगळा खेळ आहे, आणि ते प्रमाण त्याने ठरवलेलं नसतं.

डिस्नेचा फास्टपास, म्हणजे वेगवान लेनचा पास, १९९९ मध्ये सुरू झाला तेव्हा फुकट होता. २०२१ च्या ऑक्टोबरपासून फ्लोरिडात त्याच लेनचे पैसे घ्यायला लागले. लायटनिंग लेन ती हीच. लेन विकायची म्हटलं की ती वेगवान दिसलीच पाहिजे, नाहीतर कोण विकत घेईल? आणि डीएएसवाले त्याच लेनमधून येतात. म्हणजे कंपनीच्या हिशोबात प्रत्येक डीएएसवाला विकता आली असती अशी एक जागा फुकट नेतो. २०२४ चे निकष समजून घ्यायचे तर ही गोष्ट विसरून चालणार नाही.

दुसरी बाजूही सांगतो, कारण तीही खरी आहे. जुनं कार्ड बंद केल्यावरून खटला झाला, त्यात आलेले आकडे बोलके आहेत. एका स्वमग्न तरुणाच्या वतीने दाद मागितली होती की परतीची वेळ नको, तो ठरलेल्या क्रमानेच राइड करतो, मध्ये थांबू शकत नाही, तेव्हा लगेच प्रवेशाचे दहा पास मिळावेत. डिस्नेने २०१३ मध्ये टॉय स्टोरी मेनिया या राइडवर पाहणी केली होती. पार्कात आलेल्यांपैकी ३.३ टक्के लोकांकडे जुनं कार्ड होतं आणि त्या राइडच्या ३० टक्के जागा ते वापरत होते. असे दहा-दहा पास दिले तर तिथली सरासरी प्रतीक्षा ६९ मिनिटांवरून १०८ वर जाईल, असंही न्यायालयापुढे मांडलं गेलं. २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवलं होतं, पण २०२० मध्ये निकाल डिस्नेच्या बाजूने लागला.

म्हणून रानजाईंची दुसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लगेच प्रवेश दिला तर क्षमता खाल्ली जाते. बाहेर थांबून तेवढ्याच वेळाने प्रवेश दिला तर फार कमी खाल्ली जाते.


केवडा

मी त्या ‘इतर पर्याय आहेत’ वाल्यांपैकी आहे.

मला क्रोन्स आहे. आतड्यांचा आजार, चांगले दिवस आणि वाईट दिवस असे असतात. वाईट दिवशी पोटात कळ आली की माझ्याकडे दोन मिनिटं असतात, कधी तीही नसतात. बाहेरून मी धडधाकट दिसते. अमेरिकेतल्या एका पार्कात मी सोय मागितली. बोलणारी मुलगी गोड होती, तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं, ‘तुम्ही रांगेत थांबा, लागलं तर कर्मचाऱ्याला सांगून बाहेर जा, परत आलात की तुमच्या माणसांना येऊन मिळा.’

माझी माणसं म्हणजे माझी दोन मुलं, सहा आणि नऊ वर्षांची. नवरा बरोबर नव्हता. मी बाहेर धावायचं तर त्यांना रांगेत अनोळखी लोकांमध्ये ठेवून जाऊ का? बरोबर घेऊन गेले तर जागा धरायला कोण? आणि कर्मचाऱ्याला सांगायचं म्हणजे तो असायला तर हवा. रांगेच्या मध्यावर मैलभर कुणी नसतं, वाट एका माणसापुरती, तिथून उलट दिशेने पळायचं, दर दोन पावलांवर लोकांना ‘प्लीज, प्लीज’ म्हणत. एकदा मी पोहोचले नाही. एवढंच लिहिते.

त्यानंतर मी रांगेत उभं राहायच्या आदल्या रात्रीपासून काही खात नाही. मुलं विचारतात, आई तू का जेवत नाहीस.

मला लगेच प्रवेश नकोच आहे. स्वच्छतागृहाजवळ बसून एक तास, दोन तास, म्हणाल तेवढं थांबते. परतीची वेळ द्या, बस. रानजाई, तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. स्वतःला सोय असताना दुसऱ्यांसाठी बोलणारे कमी भेटतात.


गोदाकाठ

केवडा, तुम्हाला मिठी.


हिबिया

टोकियोतला अनुभव लिहितो. इथे अपंगत्वाचं सरकारी पुस्तक मिळतं, त्याला ‘तेचो’ म्हणतात. टोकियो डिस्नेत ते दाखवलं की परतीच्या वेळेची सोय मिळते. मुलाखत नाही, कुणाला आपली कर्मकहाणी सांगायची नाही. कागद असला की दोन मिनिटांचं काम.

इथली आणखी एक सोय मला फार शहाणपणाची वाटते. ज्याला रांगेत थांबता येत नाही तो बाहेर थांबतो, बरोबरची माणसं नेहमीच्या रांगेत उभी राहतात आणि त्यांचा नंबर जवळ आला की हा त्यांना येऊन मिळतो. एकाही माणसाची जागा पुढे सरकत नाही. चौकस, तुमच्या वडिलांना हे चाललं असतं. केवडा यांना चालणार नाही, कारण त्यांच्याबरोबर मुलंच आहेत. स्वमग्न मुलाबरोबर एकटी आई आली असेल तर तिलाही नाही. म्हणून एकच सोय सगळ्यांना, असं करून भागत नाही.

पैसे भरायची लेन इथेही आलीच, २०२२ मध्ये.


वहिवाट

वकिली करतो, पुण्यात. हिबिया यांनी कागदाचा मुद्दा काढला म्हणून आपल्याकडचं लिहितो.

आपला दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस वगैरे. क्रोन्स त्या यादीत नाही. उद्या आपल्याकडच्या पार्कांनी ‘युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) दाखवा, वेगळी वेळ घ्या’ अशी पद्धत सुरू केली तर ती सुटसुटीत होईल, प्रश्नोत्तरं टळतील, पण केवडा यांच्यासारखी माणसं दारातच अडतील. कार्ड मिळवायचं म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या खेपा आल्या, ज्याला हालचाल कठीण त्यालाच जास्त खेपा.

कार्डच नसेल तर हक्कच नाही, असं मात्र आपलं सर्वोच्च न्यायालय म्हणत नाही. २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या प्रकरणात लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या चौकटीत बसत नव्हतं. न्यायालयाने सांगितलं की चौकट आरक्षणासाठी ठीक, पण वाजवी सोय मिळण्यासाठी ती अट लावता येणार नाही. माणसाची गरज काय, ते बघावं लागेल. रानजाई यांची पहिली अट म्हणजे अगदी हेच तत्त्व आहे. आणि कायद्याच्या कलम २९ मध्ये मनोरंजनात सहभागाचा उल्लेख आहे, तेव्हा ‘पार्क म्हणजे चैन, तिथे कसले हक्क’ या म्हणण्यात दम नाही.

खोटेपणाचं काय, असं कुणी विचारेलच. कलम ९१ आहे: दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजलं आणि त्यानंतर प्रत्येक खऱ्या प्रमाणपत्राकडेही लोक संशयाने बघायला लागले. माझ्या एका अशिलाला, पोलिओ आहे त्यांना, लोकलच्या दिव्यांग डब्यात ‘कार्ड काढा बघू’ म्हणून सहप्रवाशाने अडवलं. तपासणीचा अधिकार असलेल्याने तपासावं. रांगेतल्या प्रत्येकाने तपासनीस व्हायचं कारण नाही.


चौकस

वहिवाट, शेवटचं वाक्य मला उद्देशून नसावं, पण मी ते घेतो. तिसरा_डबा यांचं गणित मी बायकोला कागदावर मांडून दाखवलं. ८० आणि २०! वडिलांचे पाय कुणामुळे सुजले ते आता कळलं.

माझा एक आक्षेप मात्र कायम आहे. सोय एकाला, पण आत जाणारे किती? मी बघितलं तेव्हा एका व्हीलचेअरबरोबर अख्खं वऱ्हाड होतं. याला मर्यादा नको का?


रानजाई

हवीच, आणि आहे. डिस्नेत सोयीचा माणूस धरून साधारण चार जण. मोठं कुटुंब असेल तर वेगळं विचारावं लागतं. मला चार योग्य वाटतात. एकट्या मुलाला राइडवर पाठवता येत नाही आणि त्याच्या बहिणीला दरवेळी खाली उभं करून ठेवणंही बरं नाही. तिचं लहानपणही याच घरात चाललंय.

व्हीलचेअरबद्दल एक सांगायला हवं. व्हीलचेअर आहे म्हणजे आपोआप वेगळी लेन, हे आता बहुतेक ठिकाणी खरं नाही. नव्या राइड्सच्या रांगा व्हीलचेअर जाईल एवढ्या रुंद असतात आणि व्हीलचेअरवालेही तुमच्याबरोबर त्याच रांगेत असतात. जुन्या राइड्सवर, जिथे पायऱ्या किंवा अरुंद वळणं आहेत, तिथे त्यांना दुसऱ्या दाराने नेतात. तिथेही परतीची वेळ घ्यावी लागते.


गोदाकाठ

मी नाशिकची. मुलगी चौदा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर असते. डोकं तल्लख. तुमची चर्चा वाचतेय आणि मनात येतंय की आपल्याकडे अजून रांगेच्या प्रश्नापर्यंत पोहोचायचंच आहे.

शाळेच्या मैत्रिणींबरोबर तिला महाराष्ट्रातल्याच एका पार्कमध्ये नेलं होतं. राइडच्या तोंडाशी दोन पायऱ्या. चार जणांनी खुर्ची उचलली, ठीक आहे, सवय आहे. वर पोहोचल्यावर ऑपरेटर तिच्याकडे न बघता मला म्हणाला, ‘मॅडम, रिस्क आहे, हिला नाही बसवता येणार.’ कुठली रिस्क? त्याला सांगता येईना. तो सुपरवायझरला विचारून आला, त्यालाही सांगता येईना. ती ज्या राइडसाठी आली होती तिच्यात मांडीवर दांडा येतो आणि खांद्यावरून पट्टा. तिला कमरेत बसता येतं, हातांनी घट्ट धरता येतं. तिने स्वतः त्याला विचारलं, ‘दादा, मी काय करून दाखवलं तर तुम्ही मला बसवाल?’ त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

प्रत्येक राइडला माणसाच्या शरीराकडून नेमकं काय लागतं हे लिहून ठेवा, एवढीच माझी मागणी आहे. स्वतः खुर्चीतून सीटवर सरकता आलं पाहिजे का, दोन्ही हातांची पकड लागते का, मान सावरता आली पाहिजे का, मध्येच बंद पडली तर पायऱ्या उतरता आल्या पाहिजेत का. परदेशातली मोठी पार्क्स राइडप्रमाणे अशी माहिती छापतात. ती वाचून मी घरीच ठरवेन की ही राइड नको, ही चालेल. तिथे गेल्यावर, मैत्रिणींसमोर, ऑपरेटरच्या मर्जीवर हे ठरू नये. आणि तिला सीटवर सरकायला तीन-चार मिनिटं लागतात, तेवढा वेळ मागच्यांनी आवाज करू नये. बाकी रांगेत उभं राहायला आम्ही तयार आहोत, खुर्ची मावली तर.


वहिवाट

गोदाकाठ, तुम्ही म्हणताय ते लेखी मागा. ईमेलवर. ‘अमुक राइडचे निकष कळवा’ असं दोन ओळींचं पत्र. नकार आला तरी तो कागदावर येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, काही किमान गोष्टी बंधनकारक असल्याच पाहिजेत, असं सांगितलं आहे. मसुदा लागला तर मी करून देतो, फी नाही.


ठाणेकर_आजी

माझं वय झालं, पार्कात नातवंडांच्या पिशव्या सांभाळायला जाते. पण रांगेत जन्म गेलाय, म्हणून लिहिते.

तिरुमलाला ३०० रुपयांच्या दर्शनाची वेगळी रांग आहे. ज्येष्ठांसाठी आणि दिव्यांगांसाठी वेगळी ठरलेली वेळ आहे. दोन्ही रांगांतून मी गेले आहे. ३०० रुपयांच्या रांगेतून गेले तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही. ज्येष्ठांच्या रांगेत मात्र मागून एक गृहस्थ म्हणाले, ‘एवढ्या काही म्हाताऱ्या दिसत नाही तुम्ही.’ माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत बाबा, साडी वर करून दाखवू का, असं तोंडावर आलं होतं. पैसे भरून पुढे गेलेल्याचा कुणाला राग येत नाही आणि गरजेपोटी पुढे गेलेल्याचा येतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. केवडा बाळ, उपाशी राहत जाऊ नकोस गं.


मिडलँड्सकर

इंग्लंडातलं थोडक्यात. इथे आल्टन टॉवर्स वगैरे पार्क्समध्ये राइड अ‍ॅक्सेस पास असतो. राइड झाली की त्या राइडच्या रांगेएवढा वेळ तुम्हाला पुढची राइड करता येत नाही. आधी थांबा किंवा नंतर थांबा, वेळ भरून काढायचाच. कायद्यातही ‘वाजवी बदल’ करून देण्याची जबाबदारी सेवा देणाऱ्यावर टाकलेली आहे.

मला यातली आवडलेली गोष्ट अशी की, चौकस यांचा ‘तेवढ्या वेळात दुसरी राइड’ हा आक्षेप यात बऱ्यापैकी निघून जातो. आमच्या घरात पास आहे, आणि नंतर थांबण्याचा आम्हाला कधी जाच वाटला नाही. राइडनंतर मुलाला शांत व्हायला तेवढा वेळ लागतोच.


रानजाई

मिडलँड्सकर, हे मला माहीत नव्हतं, आणि फार आवडलं. चौकस यांना द्यायला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आजी, तुम्ही लिहिलंत ते मी मुलाच्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं.

वहिवाट, अमेरिकेतही हा प्रश्न पुन्हा कोर्टात गेला आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात नव्या निकषांविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला आहे. त्यातला मुख्य मुद्दा हाच, की विकासात्मक अपंगत्वाला एक न्याय आणि शारीरिक अपंगत्वाला दुसरा.


नवी_पालवी

इथे पहिल्यांदाच लिहितेय. डिसेंबरात फ्लोरिडाला जायचं आहे. मुलगी आठ वर्षांची, एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष एका जागी न टिकणं) आणि आवाजाची प्रचंड भीती. व्हिडिओ कॉलवर काय सांगायचं? ‘एडीएचडी चालत नाही’ असं एकीने सांगितलं, तेव्हापासून धास्ती बसली आहे.


रानजाई

नवी_पालवी, निदानाच्या नावापासून सुरुवात करू नका. रांगेत काय होतं ते क्रमाने सांगा: किती मिनिटांनी पहिलं लक्षण दिसतं, ते काय असतं, त्यानंतर ती काय करते, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ शकते का, शांत व्हायला किती वेळ लागतो. हेडफोन, खेळणी, खाऊ देऊन बघितलं असेल तर तेही सांगा, आणि त्याने का भागत नाही तेही. शाळेतल्या रांगेचं, डॉक्टरकडच्या रांगेचं उदाहरण द्या. खरं तेवढंच, जास्त रंगवून नाही. मुलगी कॉलवर दिसायला हवी, पण तिच्यासमोर हे सगळं बोलणं तिला लागू शकतं. म्हणून तिला आधी ओळख करून द्या, नमस्कार होऊ दे, आणि मग बाबांना तिला बाजूला नेता येईल का ते कॉलवरच्या माणसाला विचारा.

युनिव्हर्सललाही जाणार असाल तर तिथली पद्धत निराळी. तिथे आयबीसीसीईएस या संस्थेकडे आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, कागद जोडावे लागतात. ते निघायच्या बरंच आधी करा.

आणि नकार आला तर काय, हे आत्ताच ठरवून ठेवा. सकाळी पार्क उघडताना पहिल्या दीड-दोन तासांत गर्दी सगळ्यात कमी असते, तिची आवडती राइड तेव्हा उरका. रायडर स्विच मागा, त्यासाठी मुलाखत नाही: एक जण तिच्याबरोबर बाहेर थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग अदलाबदल. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा टाळता आला तर टाळाच, त्या दिवसांत कुठलीही सोय पुरी पडत नाही.


नवी_पालवी

खूप आभार. तारखा अजून पक्क्या नाहीत, डिसेंबरचा पहिला आठवडा बघते. कॉलवर बोलायचे मुद्दे आज लिहून काढते आणि उद्या इथे टाकते. वाचून काय सुटलंय ते सांगाल का?


केवडा

टाका नक्की. मीही वाचते. मला कोणते प्रश्न विचारले होते ते सगळे लक्षात आहेत.